विसाव्याचं छप्पर : लंडनजवळची तीन लिच-गेट

आजोबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. स्मशानाच्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, विसाव्याची जागा आहे. तिथे तिरडी खाली टेकवली. पुढचे खांदेकरी मागे गेले, मागचे पुढे आले. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग पुन्हा खांदा दिला. एवढंच. पण त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच.

गेल्या मे महिन्यात लंडनच्या बेकनहॅम उपनगरात सेंट जॉर्ज चर्चच्या फाटकाशी उभा होतो आणि तो ओढा आठवला. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चच्या आवाराच्या तोंडाशी लाकडी खांबांवर छप्पर घातलेलं एक फाटक असतं. त्याला लिच-गेट म्हणतात. जुन्या इंग्रजीत ‘लिच’ म्हणजे प्रेत. जर्मनमधला ‘लायशं’ हा शब्द त्याच्याच कुळातला. म्हणजे सरळ अर्थ ‘प्रेताचं दार’. अंत्ययात्रा इथे येऊन थांबायची, खांदेकरी दम घ्यायचे आणि पाद्री चर्चमधून बाहेर येऊन प्रेताला सामोरा जायचा. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात पाद्र्याने प्रेताला आवाराच्या वाटेशीच भेटावं, असं सांगितलं आहे. इंग्लंडचा पाऊस डोळ्यासमोर आणा, म्हणजे छप्पर का लागलं ते कळतं.

थांबायची गरजही खरी होती. दफनाचा हक्क मुख्य चर्चलाच असायचा, त्यामुळे वाड्यावस्त्यांवरची माणसं मैलोगणती प्रेत वाहून आणत. नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर ‘लिच वे’ नावाची वाट आजही चालता येते. लिडफर्डच्या चर्चपर्यंत ती सुमारे १२ मैल भरते. लोकांचे हाल पाहून १२६० मध्ये बिशप ब्रॉन्सकम याने काही वस्त्यांना जवळच्या विडकमला दफन करायची मुभा दिली. बारा मैल खांद्यावर ओझं घेऊन आल्यावर छपराखाली टेकायला मिळणं म्हणजे काय, हे खांदा दिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच बाजूच्या डेव्हन-कॉर्नवॉल परगण्यांत काही फाटकांत मधोमध ग्रॅनाइटचा लांब दगड असतो. त्यावर शवपेटी ठेवत. आपल्या विसाव्याचा दगडच तो!

आता प्रवासाचं. बेकनहॅमपासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात सोपं. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनाहून बेकनहॅम जंक्शनची गाडी घ्यायची. क्रॉयडनकडून येणार असाल तर ट्रामही थेट तिथेच संपते. स्टेशनातून चर्च चालत पाच मिनिटांवर. हे फाटक तेराव्या शतकातलं मानतात आणि इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्यांपैकी एक म्हणून सांगतात. मागचं चर्च मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने बांधलेलं. छपराची दुरुस्ती होत आली आहे, त्यामुळे सगळंच लाकूड मूळचं समजू नका. आत उभं राहून वर बघा. ओकची तुळई, तिला आधार देणारे तिरके टेकू, वासे. अशा कामात लोखंड फारसं नसतं. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकतात. आपल्या वाड्यांतलं सुतारकाम पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

दुसरं फाटक ब्रे या गावचं, आणि तिघांत मला सगळ्यात आवडलेलं. लंडनहून एलिझाबेथ लाइन या रेल्वेने मेडनहेड स्टेशनला उतरायचं. इथे लंडनचं ऑयस्टर प्रवासकार्ड चालत नाही, बँकेचं काँटॅक्टलेस कार्डच वापरा. स्टेशनापासून गाव अडीच किलोमीटरवर आहे. थोडा वळसा पडला तरी थेम्सकाठच्या वाटेने जा. हे लिच-गेट १४४८ चं. नुसतं छप्पर नव्हे, फाटकावर चक्क घराच्या खोल्या आहेत आणि त्यांच्या खालून वाट चर्चकडे जाते. काळ्या लाकडी चौकटी, मधे पांढरा गिलावा. वाड्याच्या देवडीतून चौकात शिरताना उजेड कमी होऊन पुन्हा वाढतो ना, अगदी तसंच इथे होतं. खाली मृत्यूची वाट आणि वर माणसांचा संसार, याचं त्या गावाला पाच-सहा शतकं काही वाटलेलं नाही. मी त्या बोळातून चार वेळा ये-जा केली.

तिसऱ्यासाठी पूर्ण दिवस ठेवा. हर्टफर्डशायरमधलं ॲशवेल. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाहून केंब्रिजच्या मार्गावर ‘ॲशवेल अँड मॉर्डन’ स्टेशन आहे, पण गाव तिथून तीनेक किलोमीटर लांब. टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका. पायांत चांगले बूट आणि पिशवीत पाणी हवंच. सेंट मेरी चर्चचा १७६ फुटी मनोरा लांबूनच दिसू लागतो. इथलं पंधराव्या शतकातलं लिच-गेट जोडफाटक आहे. असं दुहेरी लिच-गेट फार कमी ठिकाणी दिसतं.

फाटक पाहून परतू नका, मनोऱ्याच्या आत जा. भिंतीच्या दगडावर लॅटिनमध्ये कोरलेल्या ओळी आहेत : १३५० सालच्या प्लेगचं वर्णन, मागे फक्त गाळसाळ माणसं साक्षीला उरली अशा अर्थाचं, आणि १३६१ च्या भयंकर वादळाची नोंद. समोरून उजेड मारला तर काहीच दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, मग अक्षरं उठून येतात. भिंतीला हात लावू नका. हे वाचून बाहेर आलो तेव्हा तेच फाटक वेगळं दिसलं. प्लेगच्या वर्षी ते नव्हतं. ज्यांनी उभारलं त्यांच्या पणजोबांच्या पिढीने ती प्रेतं वाहिली असतील.

गाडी असेल तर जवळच्या ॲनस्टी गावालाही जा. तिथल्या लिच-गेटचा एक भाग एकोणिसाव्या शतकात विटांनी बंद करून गावाची कोठडी केली होती. वाटेत तुम्हाला आणखी कितीतरी लिच-गेट दिसतील. त्यांतली बहुतेक व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, किंवा पहिल्या महायुद्धानंतर गावातल्या मृत सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेली. आतली नावं वाचा. लहान गावाच्या यादीत एकच आडनाव दोन-तीनदा आलेलं दिसतं.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यामुळे दुपारी जा. फाटक पाहायला वेळेचं बंधन नाही. चर्च आतून पाहायचं तर दिवसाउजेडी.

आणि एक. ब्रेला मी तिसऱ्यांदा बोळातून येत होतो तेव्हा बाहेर शववाहिनी थांबली. सहा जणांनी पेटी खांद्यावर घेतली, छपराखाली आले आणि थांबले. पांढऱ्या झग्यातला पाद्री समोरून चालत आला. असा प्रसंग आलाच तर भिंतीशी सरकून उभे राहा, टोपी काढा, फोन खिशात ठेवा आणि शेवटचा माणूस आत जाईपर्यंत हलू नका.