ढकलण्याचे गणित

बंद पडलेली मोटार ज्याने कधी ढकलली असेल, त्याला बल, वस्तुमान आणि त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) यांची ओळख पुस्तकाआधी खांद्यानेच करून दिलेली असते. पहिल्या क्षणी वाटते की ही काही जागची हलत नाही. मग चाके किंचित फिरतात, आणि आपण पूर्वीइतकाच जोर लावत राहिलो तरी गाडी अधिकाधिक वेग घेऊ लागते. मला नवल वाटते ते या दुसऱ्या गोष्टीचे. मनात खोलवर रुजलेली समजूत अशी असते की जेवढा जोर तेवढा वेग, आणि जोर संपला की वेगही संपला. ॲरिस्टॉटलही साधारण असेच मानत होता, आणि त्याबद्दल त्याला हसण्याचे कारण नाही. जिथे तिथे घर्षण असलेल्या जगात डोळ्यांना दिसते ते तसेच.

न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त बलाचे नाते गतीशी न जोडता गतीत होणाऱ्या बदलाशी जोडले. आज पाठ असलेले ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण’ हे सुटसुटीत रूप त्या ग्रंथात शोधायला जाऊ नये. बलाची ही समीकरणे सर्व यांत्रिकीचा पाया म्हणून मांडली ती गणिती ऑयलरने, १७५० साली. पण मुद्दा तोच होता. वेग टिकवण्यासाठी बल लागत नाही, तो बदलण्यासाठी लागते, आणि किती लागते ते वस्तुमान ठरवते.

आता मोटारीकडेच पाहू. गाडी १००० किलोग्रॅमची आहे, ढकलणाऱ्या दोघांचा जोर मिळून ४०० न्यूटन (हे बलाचे एकक) आहे आणि त्यातले १५० न्यूटन घर्षणापायी खर्ची पडतात, असे धरले तर हाती २५० न्यूटन उरतात. त्यांना १००० ने भागले की कळते, गाडीच्या वेगात दर सेकंदाला ‘सेकंदाला पाव मीटर’ इतकी भर पडते. म्हणजे चार सेकंदांनंतर ती रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीने जाऊ लागते. या वेळी गाडीत बसून सूचना करणारी मंडळी खाली उतरली तर भाजक घटतो, आणि त्यांनी हात लावला तर भाज्यही वाढतो, हे त्यांना सांगण्याइतका धीर मात्र ढकलणाऱ्यापाशी हवा.

याच गुणाकाराची दुसरी बाजू थांबताना दिसते, आणि ती गमतीची नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. या वेगाने जाणारा ६० किलोग्रॅमचा माणूस पाच सेकंदांत थांबला तर त्याच्यावर सरासरी २०० न्यूटन बल येते, जे सहज सोसवते. तोच माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला तर आकडा १०,००० न्यूटनांवर जातो, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतका. माणूस तोच आणि वेगही तोच; बदलला तो फक्त थांबण्याचा अवधी. सीटबेल्ट किंचित ताणला जातो, एअरबॅग दबत जाते, गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा बांधलेला असतो, ते हा अवधी थोडासा वाढवण्यासाठीच. भक्कम गाडी म्हणजे जिचा पत्रा कुठेही चेपत नाही ती, असे अजूनही अभिमानाने बोलले जाते तेव्हा हे गणित सांगावेसे वाटते.

सर्वांत जास्त विचार करायला लावते ते पडणे. दहा किलोच्या दगडाला पृथ्वी एक किलोच्या दगडाच्या दहापट बलाने ओढते, पण त्याला वेग द्यायलाही दहापट बल लागते. भागाकार केला की दोघांच्याही वाट्याला दर सेकंदाला ‘सेकंदाला ९.८ मीटर’ हेच त्वरण येते. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटने हवा नसलेल्या चंद्रावर हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडले, आणि ते एकाच वेळी खाली पोचले. गुरुत्वाकर्षणाला जे वस्तुमान ओढता येते आणि ढकलताना जे आडवे येते, ती दोन्ही एकच का असावीत, याचे उत्तर मात्र या सूत्रात नाही. आइन्स्टाइनने आपला सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत या समानतेच्या पायावरच उभारला.

अंतराळ स्थानकात, पृथ्वीभोवती फिरताना, स्थानकासह सगळेच सतत पडत असल्यामुळे तिथे वजनकाटा निरुपयोगी ठरतो, पण वस्तुमान कुठेही गेलेले नसते. म्हणून तिथे अंतराळवीर एका यंत्राच्या दांड्याला बिलगतो, पोट आणि हनुवटी गादीवर टेकवतो, आणि स्प्रिंग त्याला ठरावीक बलाने ओढते. त्वरण मोजायचे, आणि बलाला त्याने भागायचे. अट एवढीच की त्याने अंग घट्ट धरून ठेवावे. ते सैल राहिले तर हातपाय मागे रेंगाळतात, सगळ्या शरीराचे त्वरण एकच राहत नाही, आणि उत्तर चुकते.