केमनिट्समध्ये बस्तान बसवताना

जर्मनीला निघालेली मुलं हल्ली मला फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न युनिव्हर्सिटीचा असतो, दुसरा पार्टटाइम कामाचा. खोलीबद्दल क्वचितच कुणी विचारतं. मी बोलायला सुरुवात मात्र खोलीपासूनच करतो, कारण माझं पहिलं सत्र त्याच एका गोष्टीपायी रखडत गेलं.

मी सांगलीचा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदवी घेऊन काही काळ पिंपरीत नोकरी केली आणि 2023च्या हिवाळी सत्राला केमनिट्सच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत एम्बेडेड सिस्टीम्सला, म्हणजे यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या अभ्यासक्रमाला, प्रवेश घेतला. केमनिट्स पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यात आहे. 1990पर्यंत याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि शहराच्या मध्यभागी मार्क्सचं अवाढव्य ब्राँझचं डोकं अजून उभं आहे. मी हे शहर निवडलं ते खर्चाकडे बघून. इथे मला ट्यूशन फी नव्हती; तिकडे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो पडतात. शिवाय म्युनिकच्या भाड्याचे आकडे ऐकून घरी सगळे गप्पच झाले होते.

निघण्याआधीचे टप्पे थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती सगळीकडे मिळते. नोव्हेंबर 2022पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, लागतं. त्याचे 18,000 रुपये भरले. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून अडकवून ठेवायचं खातं. तेव्हा वर्षाला 11,208 युरो दाखवावे लागायचे, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलं. ही रक्कम एकदम हातात येत नाही, महिन्याला 934 युरो सुटतात आणि त्यातच भाडं, विमा, जेवण बसवायचं. व्हिसा मिळून विमानात बसेपर्यंत सप्टेंबर संपत आला होता.

वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक होती. म्हणून ऑनलाइन शोधून एका घरातली खोली भाड्याने घेतली. पोचल्यावर मालकाने सांगितलं, राहा खुशाल, पण मी सही देणार नाही. त्या सहीवर इथलं सगळं अडतं. जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंद झाली नाही तर टॅक्स नंबर पोस्टाने येत नाही, आणि कामावर घेणारे तो नंबर मागतात. बऱ्याच बँका खातं उघडताना नोंदीचा दाखला मागतात, आणि खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे घ्यायचे कुठे? आपल्याच कर्जाचे पैसे, आणि ते दिसतायत फक्त मोबाइलवर. वर व्हिसा काही महिन्यांचाच असतो. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो, आणि तिथेही पत्ता हवाच.

त्या दिवसांत मला आधार दिला तो दोन वर्षं पुढे असलेल्या लातूरच्या एका ताईने. ‘नोंद होत नसेल तर ती खोली नाही, लॉज समज आणि सोड,’ असं तिने स्पष्ट सांगितलं. माझ्या जर्मन मेल तिने स्वतः वाचून दुरुस्त केल्या. वसतिगृहाच्या कार्यालयात दर आठवड्याला प्रत्यक्ष जाऊन नम्रपणे विचार, म्हणाली. मी जात राहिलो. कोर्स इंग्रजीत आहे म्हणून जर्मन लागत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या काउंटरसमोर उभं राहून बघावं. वर्ग इंग्रजीत चालतो, पण पत्रं, करारनामे, डॉक्टरची चिठ्ठी, विम्याचे कागद, सगळं जर्मनमध्ये. पुण्यात केलेला जर्मनचा ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीचा कोर्स, मला डिग्रीइतकाच उपयोगी पडला.

नोव्हेंबरात कुणीतरी सत्र सोडून गेलं आणि वसतिगृहात खोली मिळाली. दिवाळी त्या वर्षी रविवारी आली होती, आणि रविवारी इथे दुकानं बंद. ताईने शनिवारीच रवा, तूप आणून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात माझी पत्त्याची नोंद झाली. मग टॅक्स नंबर, बँक, विमा, सगळं एकामागून एक सुटत गेलं. नोंद झाल्यावर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला 18.36 युरो, ते बघून नवी मुलं घाबरतात. ही वर्गणी घरामागे एकच असते, त्यामुळे एकत्र राहणाऱ्यांनी वाटून भरावी.

अभ्यासाचं लिहायला लागलो तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगतो की बहुतेक विषयांचा निकाल शेवटच्या एका परीक्षेवर ठरतो आणि सर्वांत चांगला ग्रेड 1 असतो, हे घरी समजावताना फोनवर बराच वेळ जातो. कामाची मर्यादा मार्च 2024मध्ये वर्षाला 120 पूर्ण दिवसांवरून 140 झाली. मी युनिव्हर्सिटीच्याच लॅबमध्ये सहायकाचं काम घेतलं; त्यात शिकायलाही मिळालं आणि भाडंही निघालं.

परवाना वाढवताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात, आणि सप्टेंबर 2024पासून तो आकडा महिन्याला 992 युरो झाला आहे. त्यामुळे पहिल्या वर्षाची शिल्लक खर्चून टाकू नका. आणि येणाऱ्या मुलांनो, वसतिगृहाचा अर्ज बऱ्याच ठिकाणी प्रवेशपत्र हातात येण्याआधीच करता येतो, तो करूनच टाका. बाहेर खोली बघत असाल तर भाडं विचारायच्या आधी विचारा, इथे पत्त्याची नोंद होईल का. उत्तर लेखी घ्या. टाळाटाळ झाली, किंवा खोली बघण्याआधी डिपॉझिट मागितलं, तर बोलणं तिथेच थांबवा. कागदपत्रांत काही अडलं तर मला कळवा, मेल मी बघून देईन.