ड्रमर थांबतो ती जागा

“क्लिक बंद कर,” असं मी ड्रमरला सांगितलं तेव्हा रेकॉर्डिंगचा अकरावा टेक वाया गेला होता. क्लिक म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक.

काम ऐकायला सोपं होतं. दोघांच्या जोडीचं जुनं गाणं, एक गिटार आणि दोन आवाज. त्यावर कंपनीला ड्रम आणि बास हवे होते. पण दोघं क्लिकशिवाय गायलेले. ध्रुवपदात लय पळायची, कडव्यात रेलायची. कॉम्प्युटरवर ताणून सगळं सरळ करून पाहिलं, तर श्वास भलत्याच जागी पडायला लागले. गाणं इस्त्री केल्यासारखं झालं.

मग मी ड्रमरला ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ ऐकवलं. सायमन आणि गारफंकल या अमेरिकन जोडीने ते १० मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये गायलं, तेव्हा त्यातही ड्रम नव्हते, साधी गिटार आणि दोन आवाज होते. अल्बम पडला, जोडी फुटली, सायमन इंग्लंडला निघून गेला. पुढे बॉस्टनमध्ये आणि फ्लोरिडात रेडिओवर या गाण्याची फर्माईश वाढली, तसा निर्माता टॉम विल्सन जागा झाला. १५ जून १९६५ रोजी, म्हणजे गायक बॉब डिलनचं रेकॉर्डिंग चाललं होतं त्याच दिवशी, त्याने जुन्या टेपवर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवून घेतले. वादकांपुढे आमचीच अडचण: गाणारे हलतात, टेप थांबत नाही. आणि तेव्हा ताणून सरळ करायची सोयही नव्हती. १ जानेवारी १९६६ रोजी गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

“चौथं कडवं नीट ऐक,” मी म्हटलं. तिथे ड्रम अडखळून मागे रेलतात, आवाजांना गाठायला. इतकी वर्षं गाणं ऐकतोय, पण ही जागा मला धंद्यात पडल्यावरच ऐकू आली.

ड्रमरने परत लावायला सांगितलं. मग विचारलं, “त्या दोघांना आधी सांगितलं होतं?”

“नाही.”

“आणि आपल्या गाण्यातल्या दोघांना?”

मला माहीत नव्हतं. काम कंपनीकडून आलेलं, मीही विचारलं नव्हतं. आधी टेक घेतला. हेडफोनमध्ये फक्त गिटार आणि श्वास. दुसऱ्याच फेरीत जमलं. मग कंपनीकडून नंबर मागून गायिकेला फोन लावला. तिला खरंच काही माहीत नव्हतं. कच्चं मिक्स पाठवलं.

वीस मिनिटांनी तिचा फोन आला. बराच वेळ नुसती शांतता.

“दुसऱ्या कडव्यातले ड्रम काढा,” ती म्हणाली. “बाकीचं त्याला विचारून सांगते.”