शटल पास, हॉल नापास

बॅडमिंटन स्पर्धेत शटल तपासायचं काम माझ्याकडे असतं. बॅरल, म्हणजे शटलची नळी, उघडून पंचांच्या हातात द्यायचा, एवढंच ते असावं असा लोकांचा समज. प्रत्यक्षात मागच्या रेषेवरून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीचा फटका मारायचा. शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या 530 ते 990 मिलिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. सगळा निवाडा या 46 सेंटिमीटरच्या पट्ट्यात. त्यासाठी हात दर वेळी सारखाच चालावा लागतो. संयोजकांपैकी कुणी हौसेनं ‘मी मारून बघतो’ म्हणाला की मी रॅकेट देत नाही.

त्या दिवशी सकाळी रिकाम्या हॉलमध्ये 77 नंबरचं शटल पास झालं (नंबर जितका मोठा, तितकं शटल वेगवान). दुपारी खुर्च्या भरल्या, एसी पूर्ण सोडला गेला. महिला एकेरीची उपांत्यपूर्व फेरी होती. एक मुलगी उंच टॉसवर, म्हणजे शटल उंच उडवून मागे टाकण्यावर, खेळणारी, दुसरी सपाट ड्राइव्ह आणि स्मॅशवाली. पहिल्या गेममध्ये टॉसवालीचं शटल पुन्हा पुन्हा मागे बाहेर. एंड, म्हणजे कोर्टाची बाजू, बदलल्यावर तोच टॉस आखूड पडायला लागला आणि समोरचीला आयते स्मॅश मिळाले. वैतागून ती पिसांची टोकं दुमडायला लागली. वेग बदलायला खेळाडूनं शटलला हात लावणं नियमात बसत नाही, पंचांनी तंबी दिली. ती हरली. तिचे कोच माझ्याकडे आले, ‘सर, शटलचा हा लॉटच खराब आहे.’

मला आधी उष्म्याचा संशय आला. हवा 20 वरून 30 अंशांवर गेली की तिची घनता तीनेक टक्क्यांनी घटते आणि एवढ्या लांब फटक्यात शटल तीसेक सेंटिमीटर पुढे जातं. पण मग दोन्ही बाजूंनी लांब जायला हवं. कोर्ट मोकळं झाल्यावर मी दोन्हीकडून मारलं. एकीकडून शटल रेषेच्या जेमतेम 20 सेंटिमीटर अलीकडे, दुसरीकडून जवळपास 130. सरासरी काढली तर 75, म्हणजे पट्ट्याच्या अगदी मध्यावर! लॉट निर्दोष होता. वर एसीच्या हवेचा झोत वाहत होता.

पाच ग्रॅमचं, 16 पिसांचं हे शटल हवेला फार अडतं. कितीही उंचावरून सोडा, ताशी 24-25 किलोमीटरच्या पुढे ते खाली येत नाही. उंच टॉस दोनेक सेकंद हवेत राहतो, तोही एसीच्या तोंडाशी. सेकंदाला अर्धा मीटर वाहणारा झोत एवढ्या वेळात शटल अर्धा मीटर सहज सरकवतो. स्मॅश या झोताच्या खालून निघून जातो. 2023 मध्ये सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीनं ताशी 565 किलोमीटरचा विक्रम केला, तसल्या फटक्याला वाहून जायला सवडच नसते.

रेफरी म्हणाले, ‘एंड बदलतात ना, मग दोघींना सारखंच.’ नियमानं खरं आहे, आणि एसी कमी करा म्हटलं की प्रेक्षक आधी ओरडतात. पण झोत दोन्ही एंडना टॉसवरच चालत होता. ड्राइव्ह मारणारीला तो जाणवलाही नसेल.

कोचना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मग 76 काढा.’ ते संथ शटल एका बाजूनं आत राहिलं असतं, दुसरीकडून आणखी आखूड पडलं असतं. 78 घेतलं तर उलटं. संध्याकाळच्या सामन्यांना मी 77 चेच बॅरल दिले आणि तक्त्यात ‘वेग योग्य’ लिहिलं. त्या तक्त्यात झोतासाठी रकानाच नाही.