सावित्रीचं वर्ष

मंगळवार, रात्री उशिरा

आज कादंबरीची सहा प्रकरणं बाजूला काढली. खोडली नाहीत, तेवढं धैर्य नाही. पण ती आता कादंबरीत नसणार हे नक्की. आठ महिन्यांचं काम आहे ते. वाईट वाटतंय, आणि खूप दिवसांनी मोकळंही वाटतंय.

कल्पना साधी होती. रक्ताचा एक थेंब द्यायचा, यंत्र तारीख सांगतं. मरणाचं कारण नाही, जागा नाही, नुसती तारीख. ती चुकत नाही. असं यंत्र आलं तर समाजाचं काय होईल, हे मला लिहून पाहायचं होतं.

सुरुवात विम्यापासून केली, कारण विमा मुळात न कळण्यावर उभा आहे. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीनं १६९३ मध्ये ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुष्याचा तक्ता मांडला. तेव्हापासून हिशेब तोच: हजार माणसांतली यंदा किती जातील हे सांगता येतं, कोण जाईल हे नाही. १८२५ मध्ये बेंजामिन गॉम्पर्ट्झ या गणितज्ञानं दाखवलं की प्रौढ वयात मरणाची शक्यता ठरावीक पटीनं वाढत जाते. साधारण दर ८ वर्षांनी दुप्पट. इतका शिस्तीतला नियम, तरी त्यातून एकाही माणसाला स्वतःची तारीख मिळत नाही. या न मिळण्यामुळेच माणसं एकमेकांना धरून राहतात असं मला वाटतं. लवकर गेलेल्याचं घर, उशिरा जाणाऱ्यांच्या हप्त्यांवर सावरतं, आणि आपण देणारे की घेणारे हे हप्ता भरताना कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या कादंबरीत यंत्र आल्यावर लांबच्या तारखेवाल्यांनी विमा सोडला, जवळच्या तारखेवाल्यांनी मोठमोठ्या रकमांचा उतरवला, आणि कंपन्या वर्षाच्या आत बुडाल्या. पाठोपाठ वीस वर्षांची कर्जं गेली, मग बढत्या, मग लग्नं.

यात फार कल्पना लढवावी लागलीच नाही. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं जनुकीय चाचणीवरून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारायला बंदी आहे, पण आयुर्विमा त्यातून बाहेरच राहिला. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०२३ मध्ये साठ लाख लोकांच्या नोंदींवर, म्हणजे पगार, पत्ते, व्यवसाय, आजारपणं यांवर, एक संगणकी प्रणाली घडवली. ती माणसाचं आयुष्य वाक्यासारखं वाचते, एका घटनेपुढे दुसरी. ३५ ते ६५ वयातलं कोण पुढच्या ४ वर्षांत जाईल, हे ती सुमारे ७८ टक्के अचूक सांगू शकली. हे विमा कंपन्यांच्या हाती जाता कामा नये, असं खुद्द संशोधकांनी बजावलं. वाक्य कुठे संपणार हे ओळखणारं यंत्र. ही प्रतिमा मला इतकी आवडली होती की मी ती एका पात्राच्या तोंडी घातली. तेही पान आज गेलं.

कारण ती प्रकरणं निर्जीव होती. माणसं आपापली तारीख खिशात घालून फिरत होती आणि एकमेकांना समाजशास्त्र सांगत होती. काय बिघडलंय ते महिनाभर उमगत नव्हतं. आज कपाट आवरताना बाबांच्या तपासण्यांची फाइल हाताला लागली.

बाबांच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, "वर्ष तरी काढतील, काळजी करू नका." बाबा दहा आठवड्यांत गेले. त्या माणसावर मी कित्येक वर्षं मनातून राग धरला. आम्ही धाकट्या भावाला परदेशातून लगेच बोलावलं नाही, कारण वर्ष होतं ना हातात. पुढे या कादंबरीसाठी वाचताना २००० सालचा एक अभ्यास सापडला. त्यात ३४३ डॉक्टरांनी ४६८ मरणासन्न रुग्णांबद्दल अंदाज दिले होते. पाचांतला एकच अंदाज बरोबर ठरला. चुकलेले बहुतेक आशेच्या बाजूला चुकले होते, सरासरी पाच पटींनी. आणि डॉक्टर त्या रुग्णाला जितका जास्त काळ ओळखत होता, तितका अंदाज चुकण्याचा संभव जास्त. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं होतं. आमचे डॉक्टर बाबांना बावीस वर्षं ओळखत होते.

यंत्र असतं तर ही चूक झाली नसती. भाऊ वेळेवर आला असता. हे मी आजही नाकारू शकत नाही, आणि कादंबरीनंही ते नाकारू नये.

पण आज फाइल हातात घेऊन बसले तेव्हा दुसरंच आठवलं. रोगाचं नाव बाबांना आम्ही सांगितलंच नव्हतं. आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ते दहा आठवडे बाबा बाबांसारखेच राहिले, पेपर वाचत, कुरकुरत. बदललो होतो आम्ही दोघी. आई त्यांच्याशी वाद घालायची थांबली. त्यांना ते जाणवलं असणार. एकदा म्हणाले, "हल्ली माझं सगळंच कसं पटतं गं तुला?" आई आत निघून गेली.

माझ्या कादंबरीतली चूक ही होती. ज्याची तारीख त्याच्याकडे, असं मी गृहीत धरलं होतं. तसं कधी होत नाही.

हंटिंग्टनच्या आजारात, म्हणजे मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या, बरा न होणाऱ्या आनुवंशिक आजारात, हे उघड दिसतं. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. जनुक १९९३ मध्ये सापडलं, तेव्हापासून लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी साध्या रक्तचाचणीत कळतं. तरी धोका असलेले बहुतेकजण चाचणी करून घेत नाहीत. ज्या नॅन्सी वेक्सलर यांनी व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांत वर्षानुवर्षं जाऊन रक्ताचे नमुने गोळा केले, ज्यांच्या धडपडीमुळे हे जनुक सापडलं, त्यांच्या आईलाच तो आजार होता. आपल्यालाही तो आहे हे त्यांनी जगाला सांगितलं ते २०२० मध्ये.

न जाणण्याचा हक्क कागदावर आहे. युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जनुकसंचयाविषयीच्या जाहीरनाम्यात तो लिहिलेला आहे. पण समजा, आजोबांना आजार आहे, वडिलांनी आयुष्यभर चाचणी टाळलेली आहे, आणि मुलगी चाचणी करून घेते, कारण तिला मूल हवंय. तिच्यात जनुक निघालं, तर ते वडिलांकडूनच आलं. ज्यानं न जाणायचं ठरवलं होतं त्याचं उत्तर आता मुलीच्या हातात. ती घरी येते, वडील दार उघडतात, विचारतात, "काय म्हणाले गं?" तिनं काय करायचं? खरं सांगितलं तर त्यांचा हक्क गेला, खोटं बोलली तर पुढचं सगळं आयुष्य खोटं, गप्प बसली तर गप्प बसण्यातच उत्तर आलं. दोघांचेही हक्क खरे आहेत आणि दोन्ही एका घरात मावत नाहीत. मी तासभर हेच लिहून पाहत होते. कुठलाही कायदा तिच्या उपयोगाचा नाही.

आणि मग सावित्री आठवली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण आपण ती नेहमी शेवटाकडून सांगतो: यम, तो वाद, ते वर. त्याआधी एक पूर्ण वर्ष आहे. नारदानं लग्नाआधीच सांगून टाकलंय की सत्यवान वर्षभरानं जाणार. सावित्रीला माहीत आहे, सत्यवानाला नाही, सासूसासऱ्यांना नाही. महाभारतात ते वर्ष चार ओळींत उरकतं. ती दिवस मोजत होती एवढंच कळतं, आणि चार दिवस उरले तेव्हा तिनं तीन रात्रींचं व्रत धरलं. पण त्या वर्षात ती रोज सकाळी उठत असेल. तो लाकडं तोडायला निघाला की त्याच्याकडे बघत असेल. त्यानं कधी पुढल्या पावसाळ्याची गोष्ट काढली असेल, आणि तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असेल. रुसली असेल का ती कधी त्याच्यावर? मला वाटतं एकदा तरी रुसली असेल, आणि रात्री त्या वाया गेलेल्या दिवसासाठी रडली असेल.

कादंबरी मला त्या वर्षाची लिहायची आहे. विमा, कर्जं, कायदे राहतील, पण दाराबाहेर.

बुधवार, पहाट

झोप आली नाही. पहिलं प्रकरण पुन्हा सुरू केलं, पाच पानं झाली. तो यंत्राकडे कधी जाणार नाही म्हणालाय. त्याच्या ऑफिसनं सर्वांचे थेंब घेतले, निकालाचा लिफाफा घरी आला, तिनं तो उघडला. चौदा महिने. लिफाफा तिनं जाळला आणि राख सिंकमध्ये सोडून नळ चालू ठेवला.

संध्याकाळी तो घरी येतो, भिंतीवर आलेल्या ओलीकडे बघतो आणि म्हणतो, "यंदा राहू दे. दोन वर्षांनी एकदमच करू, आतून बाहेरून."

ती विचारते, "रंग कुठला?"