सड्यावरची चढण आणि भंगारातला कूलर

पावसजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आमची हापूसची बाग आहे. डांबरी रस्ता संपल्यापासून बागेपर्यंत जांभा फोडून काढलेली सुमारे दीड किलोमीटरची चढण लागते. सड्यावर पाणी टिकत नसल्यामुळे नव्या कलमांसाठी उन्हाळाभर खालून पाणी न्यावे लागते, आणि ते आम्ही मागची आसने काढलेल्या आमच्या जुन्या ऑटोमॅटिक फोर बाय फोर एसयूव्हीतून, ३०० लिटरच्या टाकीत भरून नेतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका दुपारी तिसऱ्या खेपेला इंजिन नुसतेच गरगरू लागले आणि गाडी ओढेना. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक काढून पाहिली, तर लाल असायला हवे ते तेल तपकिरी झाले होते आणि त्याला करपल्याचा वास येत होता.

यात निम्मा दोष माझाच होता. थांबून फोर-लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, लावण्याचा कंटाळा करून मी ती चढण नेहमीच्या वेगाच्या फोर-हायमध्येच चढत असे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. चाके हळू आणि इंजिन जोरात अशी स्थिती जितका वेळ राहील, तितके ते तेल घुसळले जाते आणि घुसळणीत वाया गेलेली सारी ताकद उष्णता होऊन तेलातच उतरते. फोर-लोमध्ये त्याच वेगाला कन्व्हर्टर बराच मोकळा फिरतो आणि तेल कमी घुसळले जाते. तेल बदलून गाडी पुन्हा ओढू लागली, म्हणजे आतल्या क्लच प्लेटा वाचल्या होत्या. पण तेवढ्यावर विसंबून राहण्याची माझी तयारी नव्हती.

गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा, कंपनीने दिलेला कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. तिथे तेल थंड होते ते इंजिनाच्या पाण्याने, आणि ते पाणी स्वतःच ९० अंशांच्या आसपास असल्यामुळे तेलाचे तापमान त्याखाली फारसे उतरू शकत नाही. म्हणून त्याच्या पुढे हवेवर चालणारा दुसरा कूलर जोडण्याचे ठरवले. त्याआधी गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या गरम नळीवर तापमापक बसवून घेतला, कारण आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. फोर-लोमध्ये, भरल्या टाकीनिशी, चढणीच्या माथ्यावर काटा ११८ अंशांवर होता.

कूलर कोल्हापुरात एका भंगारवाल्याकडे मिळाला. त्याने आधी दाखवलेला कूलर दिसायला नवाकोरा आणि निम्म्या किमतीचा होता. गाडी भंगारात का आली, असे विचारल्यावर उत्तर आले, “गिअरबॉक्स बसला होता, साहेब.” तो मी तिथेच परत ठेवला. गिअरबॉक्स मरताना क्लचचा भुगा आणि धातूची कीस तेलाबरोबर कूलरमध्ये जाते आणि तिथल्या बारीक जाळीदार पत्र्यांमध्ये अडकून बसते. वरून कितीही धुतले तरी ती पूर्ण निघत नाही, आणि एखाद्या चढणीवर सुटली की चांगल्या गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकते. जुना कूलर घेताना त्याच्या पत्र्यापेक्षा मूळ गाडी कशाने गेली हे पाहणे अधिक महत्त्वाचे, असे माझे ठाम मत झाले आहे. दुसरा कूलर मागून धडक बसलेल्या गाडीचा होता. ती गाडी अजून आवारातच उभी असल्यामुळे तिची डिपस्टिक पाहता आली. तेल लाल आणि स्वच्छ होते. १,२०० रुपये दिले आणि घासाघीस केली नाही.

तरीही तो तसाच बसवला नाही. सॉल्व्हंट उलट दिशेने, मग सुलट दिशेने सोडून, हवा मारून, शेवटी गिअरबॉक्सचेच नवे तेल त्यातून काढून पांढऱ्या फडक्यावर गाळले. फडके स्वच्छ राहीपर्यंत हे चार वेळा करावे लागले. नंतर रेडिएटरवाल्याने तोंडे बंद करून, पाण्यात बुडवून १०० पीएसआय दाबाने हवा भरली. बुडबुडा आला नाही.

बसवण्याचे काम त्या मानाने सोपे होते. कूलर एसीच्या कंडेन्सरपुढे, पंख्याच्या ओढीत येईल असा बसवला, कारण चढणीवर गाडीच्या वेगाने येणारा वारा जवळजवळ नसतोच. प्लास्टिकच्या पट्ट्या जाळीतून ओवून बांधण्याची सोपी पद्धत आहे खरी, पण आमच्या रस्त्याच्या धक्क्यांनी त्या जाळी कापतात. म्हणून लोखंडी ब्रॅकेट करून घेतले आणि अ‍ॅल्युमिनिअम व लोखंड यांच्यामध्ये रबर ठेवले. खाऱ्या हवेत हे दोन धातू एकमेकांना भिडले की अ‍ॅल्युमिनिअम खाल्ले जाते. तेल आधी रेडिएटरमधून, मग या कूलरमधून आणि नंतर गिअरबॉक्समध्ये परत, असा क्रम ठेवला. नळी गिअरबॉक्सच्या तेलासाठीचीच घेतली. पाण्याची नळी या तेलाने आणि उष्णतेने फुगते. शेवटी इंजिन चालू ठेवून, तेल तापल्यावर पातळी पाहिली आणि सुमारे ४०० मिली तेल वर घातले.

या मे महिन्यात तीच चढण, तीच टाकी आणि तोच फोर-लो असताना माथ्यावर काटा ९७ अंशांवर थांबला. एसीचा गारवा किंचित कमी झाला आहे, ते मी मान्य केले आहे. जांभ्याची लाल धूळ मात्र कूलरच्या पत्र्यांत फार लवकर भरते आणि पहिल्या पावसानंतर तिचा चिखल होऊन घट्ट बसतो, म्हणून दर रविवारी गोड्या पाण्याची हलकी धार मागच्या बाजूने सोडून कूलर धुवावा लागतो.