स्टेट फाइलमध्ये सापडलेली की

टेराफॉर्म हे सर्व्हर आणि सेवा कोडमधून उभारायचं साधन. त्याने काय काय उभारलं याची नोंद ठेवणारी स्टेट फाइल उघडायची वेळ एरवी येत नाही. त्या दिवशी आली, कारण कोडमध्ये कोणी हात घातला नसताना प्लॅन, म्हणजे काय बदलणार याची आधी मिळणारी यादी, दर खेपेला एक फरक दाखवत होता. स्टेट उतरवून घेऊन तिचा जेसन मजकूर चाळताना मध्येच ‘बिगिन ईसी प्रायव्हेट की’ ही ओळ आली. ग्राहकांच्या लॉगिन टोकनवर, म्हणजे लॉगिन झाल्याच्या डिजिटल पुराव्यावर, जिने सही व्हायची, तीच गुप्त की. अख्खी, साध्या मजकुरात.

कोडमध्ये की टीएलएस प्रायव्हेट की या रिसोर्सने तयार केलेली होती आणि आउटपुटवर ‘सेन्सिटिव्ह’ लावलेलं होतं. तेवढं पाहून दोघांनी रिव्ह्यू मंजूर केला होता. पण त्या खुणेने टर्मिनलवर दिसणारं तेवढं झाकलं जातं, स्टेटमध्ये की जशीच्या तशी उतरते. हे प्रोव्हायडरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. रिव्ह्यू करणाऱ्याने ते वाचायलाच हवं. ती फाइल अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठ्यातल्या बकेटमध्ये होती, म्हणून ‘बकेट एनक्रिप्टेड आहे ना?’ असं मला विचारलं गेलं. आहे. पण प्लॅन चालवणाऱ्या प्रत्येकाला ती फाइल वाचण्याची परवानगी द्यावीच लागते आणि त्याच्यासाठी ती आपोआप उलगडते. शिवाय एस-थ्रीचं व्हर्जनिंग चालू, म्हणजे आजची फाइल साफ केली तरी मागच्या प्रत्येक आवृत्तीत की आहेच.

नवी की केएमएसमध्येच, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या की सांभाळणाऱ्या सेवेत, तयार केली: वापर साइन-व्हेरिफाय, प्रकार ईसीसी निस्ट पी-256. तिचा खाजगी भाग केएमएसबाहेर येत नाही, त्यामुळे स्टेटमध्ये आयडी, एआरएन (कीचं अ‍ॅमेझॉनमधलं पूर्ण नाव) अशी वरवरची माहितीच राहते. की पॉलिसीत सही करण्याचा हक्क फक्त अ‍ॅप्लिकेशनच्या रोलला, म्हणजे ते ज्या ओळखीने चालतं तिला, दिला. टेराफॉर्म चालवणाऱ्या पाइपलाइनच्या रोलला की सांभाळता येते, सही करता येत नाही. मात्र पॉलिसी बदलण्याचा हक्क त्याच रोलकडे असल्याने तो स्वतःला सहीचा हक्क देऊ शकतो. म्हणून पॉलिसी बदलली की लगेच अलार्म वाजेल अशी सोय केली. डिलीट करण्याची मुदत 30 दिवस ठेवली आणि टेराफॉर्मला की नष्ट करू न देणारं ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ लावलं. कोणी रिसोर्सचा ब्लॉकच कोडमधून काढला तर हे कुलूपही त्याच्याबरोबर जातं, म्हणून ती मुदत कमी करायची नाही. अशा असममित (खाजगी-सार्वजनिक जोडीच्या) कीचं रोटेशन, म्हणजे ठरावीक काळाने ती बदलणं, केएमएस आपोआप करत नाही, ते आपणच करायचं.

दुपारी चाचणीत टोकन अधूनमधून नापास होऊ लागली. बहुतेक चालायची, मग एखादं अडायचं. केएमएस सही डीईआर या बदलत्या लांबीच्या स्वरूपात देतं, तर ईएस-256 पद्धतीच्या टोकनला सहीतले आर आणि एस हे दोन आकडे प्रत्येकी बरोबर 32 बाइट, एकामागोमाग, एकूण 64 लागतात. आमच्या कोडने डीईआर उलगडून पुढची शून्यं काढली होती, पण आकडा लहान निघाला तर डावीकडे शून्यं भरली नव्हती. दोनपैकी एखाद्याचा पहिला बाइट शून्य निघण्याची शक्यता साधारण 128 सह्यांत एक, आणि तेव्हा सही 63 बाइटची व्हायची. दहा-वीस टोकन तपासून हा दोष सहज निसटला असता. दहा हजार सह्यांची टेस्ट लिहिली, तेव्हाच मन थाऱ्यावर आलं.

बदलाचा क्रमही महत्त्वाचा. आधी नवी सार्वजनिक की जेडब्ल्यूकेएसमध्ये, म्हणजे टोकन तपासणारे ज्या यादीतून की घेतात तिच्यात, टाकली, सगळ्यांचे कॅशे ताजे होईपर्यंत थांबलो, मग सही नव्या कीने सुरू केली. जुनी की ताबडतोब काढायची की जुन्या टोकनांची 24 तासांची मुदत संपू द्यायची, यावर वाद झाला. ग्राहकांना पुन्हा लॉगिन करावं लागू नये, हा व्यवस्थापनाचा आग्रह होता. पण जुनी की यादीत असेपर्यंत ती ज्याच्या हाती असेल त्याचं बनावट टोकनही चालणार. मी अडून बसलो आणि ती त्याच संध्याकाळी काढली. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मनातून जात नाही ते वेगळंच. ती फाइल कोणी कोणी उतरवून घेतली, हे शोधायला क्लाउडट्रेल, म्हणजे अ‍ॅमेझॉनची हालचालींची नोंदवही, उघडलं. बकेटच्या सेटिंगमधले बदल तिथे होते, पण ऑब्जेक्ट वाचल्याची एकही नोंद नव्हती. फाइल वाचण्या-लिहिण्याच्या नोंदी, म्हणजे डेटा इव्हेंट, वेगळे चालू करावे लागतात, आणि बकेट तयार झाली तेव्हा खर्चाचं कारण देऊन ते बंदच ठेवले होते. आता चालू आहेत. त्याआधी की कोणी वाचली का, या ग्राहकाच्या प्रश्नाला माझ्याकडे ‘सांगता येत नाही’ एवढंच उत्तर होतं, आणि ते मी तसंच लिहून दिलं.